अक्षयनीवी आणि आपले घर

आषाढ शुद्ध चतुर्दशी जवळ आली की नाशिकच्या जैन घरांत चातुर्मासाची तयारी सुरू होते. धान्य निवडून, उन्हे देऊन डब्यांत भरले जाते. पाणी गाळण्यासाठी नवे वस्त्र आणले जाते. उपाश्रयांत आणि स्थानकांत साधू-साध्वींच्या निवासाची व्यवस्था लावली जाते. याच सुमारास महानगरपालिकेचीही एक तयारी चाललेली असते. जुन्या नाशकातील मोडकळीस आलेल्या वाड्यांची पाहणी होते आणि मालकांच्या व भाडेकरूंच्या हाती नोटिसा पडतात. नोटीस दरवर्षी येते, दारावर चिकटवली जाते आणि पहिल्या पावसात भिजून जाते. त्यानंतर दरवर्षी कोठेतरी एखादी भिंत खचते. कधी तिच्याखाली केवळ सामान सापडते, कधी माणसे.

हे वाडे एका पावसात पडत नाहीत. त्यांचे पडणे वीस-तीस वर्षे चाललेले असते. शेवटचा पाऊस ते फक्त पूर्ण करतो. म्हणून या वाड्यांची कथा केवळ जुन्या नाशकाची नाही. गंगापूर रोडवरील बंगल्याची, इंदिरानगरमधील सदनिकेची आणि सराफ बाजारातील दुकानावरच्या माडीचीही ती कथा आहे. घर बांधण्यासाठी आपण आयुष्याची कमाई ओततो. ते राखण्यासाठी मात्र बहुतेकांच्या हिशेबात एक खातेही नसते.

वाडा का पडतो?

नाशिकचा जुना वाडा ही विचारपूर्वक केलेली रचना होती. दगडी जोते, त्यावर सागवानी खांब आणि तुळयांचा सांगाडा, मधल्या खणांत पांढऱ्या मातीच्या किंवा भाजक्या विटांच्या भिंती, चुन्याचा गिलावा आणि वर कौलांचे छप्पर. घराचा भार मुख्यतः लाकडी सांगाड्यावर असे. भिंती ऊन-पाऊस अडवीत. अशा घराला एकच शत्रू होता, तो म्हणजे साचलेले पाणी. त्याच्यासाठी दरवर्षीचा एक नेमही ठरलेला होता. पावसाळ्यापूर्वी कौले चाळली जात, फुटकी बदलली जात, पन्हाळी मोकळ्या केल्या जात आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर काढून दिले जाई. हा खर्च थोडा होता, पण तो चुकवला जात नसे.

पुढे हा नेम तुटला, त्याला कारणे होती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जवळजवळ गोठली. जे भाडे येई, त्यात कौलांचाही खर्च निघेना. मालक म्हणे, "भाडेकरू राहतो, त्याने करावे." भाडेकरू म्हणे, "वाडा मालकाचा, त्याने करावे." महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ भाडेच नगण्य असेल, तर त्याच्या चार टक्क्यांत काय होणार? याच कायद्यातील एक तरतूद मात्र अजूनही फारशी वापरली जात नाही. घर राहण्यायोग्य स्थितीत ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याने ती टाळल्यास किमान १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंना स्वतः दुरुस्ती करता येते आणि तो खर्च भाड्यातून वळता करून घेता येतो. एका वर्षात ही वळती त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असता कामा नये, एवढीच अट आहे. रक्कम लहान वाटेल, पण एक फुटकी पन्हाळ वेळेवर बदलायला मोठी रक्कम लागत नाही.

दुसरे कारण वारसांचे. आजोबांचा वाडा तीन मुलांचा झाला, पुढे अकरा नातवंडांचा झाला. काही पुण्याला गेले, काही मुंबईला. प्रत्येकाचा हिस्सा सातबाऱ्यावर किंवा सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर राहिला, छपराकडे पाहणारा कोणी राहिला नाही.

त्यात गोदावरीच्या पुरांची भर पडली. दुतोंड्या मारुती किती बुडाला, यावरून नाशिककर पुराचे मोजमाप करतात. २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षी नदीकाठच्या बाजारपेठांनी मोठे पूर पाहिले. पूर ओसरल्यावर दुकाने धुऊन पुन्हा उघडली, माल नवा भरला. भिंतींच्या पायात मुरलेल्या पाण्याकडे मात्र फार थोड्यांनी पाहिले. मातीची भिंत पाणी प्यायली की तिचा जोर जातो. भिंतीत रोवलेले तुळईचे टोक ओले राहिले की ते आतून कुजते, बाहेरून मात्र रंगवलेले आणि धडधाकट दिसते. काहींनी ओल झाकण्यासाठी त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला. माती आणि चुना ओल घेतात आणि उन्हात ती सोडतातही. सिमेंटचा जाड थर ती ओल आतच कोंडतो. दिसणे सुधारले, दुखणे वाढले.

त्रिरश्मी डोंगरावरील हिशेब

घर बांधताच त्याच्या सांभाळाची सोय करून ठेवावी, ही समजूत नाशिकला नवी नाही. मुंबई महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, ती दगडात कोरलेली आहे. ही लेणी मुख्यतः बौद्ध भिक्षूंसाठी खोदली गेली. अकराव्या लेण्यात पुढील काळातील जैन शिल्पेही आहेत. तेथील दहावे लेणे सुमारे १९०० वर्षांपूर्वी उषवदाताने, म्हणजे क्षत्रप नहपानाच्या जावयाने, दान केले. लेणे देऊन तो थांबला नाही. त्याने ३००० कार्षापणांची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज ठरले, तर उरलेल्या १००० वर दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, असे लेखात स्पष्ट म्हटले आहे. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, अशी योजना होती. व्यापारी वाचकाने हा हिशेब ताडून पाहावा. २००० वर दरमहा शेकडा एक म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा म्हणजेही २४०. एका कार्षापणाचीही तफावत नाही. हा व्यवहार निगमसभेत जाहीर केला गेला आणि फलकावर नोंदवला गेला, असेही लेखात सांगितले आहे.

तिसऱ्या लेण्यातील नोंद आपल्या विषयाला अधिक जवळची आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची माता गौतमी बलश्री हिने दिलेल्या त्या लेण्याच्या सांभाळासाठी एक गाव लावून दिले होते. पुढे राजा पुळुमावीच्या काळात त्या गावाच्या बदल्यात दुसरे गाव देण्यात आले आणि ही अदलाबदलही कोरून ठेवण्यात आली. अशा कायम निधीला तेथे 'अखयनिवि' म्हणजे अक्षयनीवी हा शब्द आहे. ज्याचे मुद्दल क्षय पावत नाही, ते भांडवल.

डोंगर कोरून केलेल्या घराला ना कौले, ना तुळया, ना वाळवीचे भय. तरीही त्या काळच्या दात्यांना त्याच्या सांभाळाची स्वतंत्र सोय करावीशी वाटली. विटा, लोखंड आणि सिमेंटचे घर बांधून त्यामागे एक रुपयाही न ठेवणाऱ्या आपल्या पिढीने यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे.

आजची अक्षयनीवी किती?

सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत हे तत्त्व आजही आहे. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्का रक्कम दरवर्षी दुरुस्ती व देखभाल निधीत आणि किमान ०.२५ टक्का सिंकिंग फंडात जमा करावी, असे ते सांगतात. दोन्ही मिळून वर्षाला एक टक्का होतो. समजा, एका सदनिकेचा बांधकाम खर्च, जमिनीची किंमत वगळून, २० लाख रुपये आहे. तर पहिल्या निधीसाठी १५,००० आणि दुसऱ्यासाठी ५,००० असे वर्षाला २०,००० रुपये होतात. महिन्याला ही रक्कम साधारण १,६६७ रुपये पडते. एका लग्नातील एका जेवणावळीशी तिची तुलना केली तर ती फार वाटणार नाही. नाशिकमध्ये पुष्कळ इमारती सहकारी संस्थेऐवजी अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या आहेत. तेथेही सदनिकाधारकांनी ठराव करून हेच प्रमाण स्वीकारण्यास काही आडकाठी नाही. स्वतंत्र बंगल्याला ठराव करणारे कोणी नसते. तेथे गृहस्थाने स्वतःशीच ठराव करावा आणि रक्कम वेगळ्या बचत किंवा आवर्ती ठेव खात्यात टाकावी. घरखर्चाच्या खात्यात राहिलेला पैसा दुरुस्तीपर्यंत पोहोचत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे.

व्यापारी माणसाला घसारा समजावून सांगावा लागत नाही. दुकानाची इमारत, यंत्रे, गाडी या सर्वांवर तो दरवर्षी घसारा काढतो. स्वतःच्या राहत्या घरावर मात्र तो कधीच काढत नाही, कारण तेथे करसवलत नाही. परंतु करखात्याने घसारा मानला नाही म्हणून सळईने गंजणे थांबवलेले नाही. भाड्याने दिलेल्या घराबाबत तर प्राप्तिकर कायदाच वार्षिक मूल्यातून ३० टक्के सरसकट वजावट देतो, प्रत्यक्ष खर्च झाला असो वा नसो. देखभालीवर भाड्याचा मोठा भाग जाणारच, हे कायद्याने गृहीत धरले आहे. आपण ती वजावट घेतो आणि भाडेही पूर्ण खर्च करतो.

ओल आणि अहिंसा

जैन गृहस्थासाठी घराच्या देखभालीला पैशापलीकडचा एक अर्थ आहे. ओल राहिली की शेवाळ येते, बुरशी येते. शास्त्रदृष्टीने ही अनंतकाय. गच्चीवर शेवाळ धरू दिले की पुढे ते खरवडावे लागते किंवा त्यावरून चालावे लागते. ओलसर लाकडात वाळवी येते, मग औषध फवारणाऱ्याला बोलावले जाते. उघड्या टाकीत डासांच्या अळ्या होतात, मग पाण्यात औषध पडते. नळाखालच्या ओलीत झुरळे होतात, मग रात्री विष ठेवले जाते. गृहस्थाच्या हातून घरकामात घडणारी हिंसा शास्त्रांनी आरंभी हिंसा म्हणून वेगळी सांगितली आहे. ती पूर्ण टळत नाही, हेही मान्य केले आहे. परंतु दोन हजार रुपयांची दुरुस्ती वर्षभर लांबवल्यामुळे जी फवारणी करावी लागली, तिला अपरिहार्य म्हणता येईल काय? समजून-उमजून विष टाकताना आरंभी आणि संकल्पी यांमधील सीमा कोठे असते, हा प्रश्न प्रत्येक श्रावक-श्राविकेने स्वतःला विचारण्याजोगा आहे.

जयणा म्हणजे यतना, जपून वागणे. जीव उत्पन्न झाल्यावर त्याला मारण्यापेक्षा तो उत्पन्नच होणार नाही अशी व्यवस्था ठेवणे ही खरी जयणा. घराच्या बाबतीत ती अगदी साध्या कामांत दिसते. गच्चीला पाणी वाहून जाईल असा ढाळ हवा. पन्हाळीच्या तोंडाशी जाळी हवी. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण आणि तिच्या ओव्हरफ्लोच्या नळीला बारीक जाळी हवी. लाकडी कपाट भिंतीला चिकटून न ठेवता चार बोटे पुढे ठेवावे, म्हणजे मागे वारा खेळतो. डक्टला आणि गॅलरीला जाळी बसवायची तर ती पारव्यांनी घरटे करण्यापूर्वी बसवावी. घरट्यात अंडी किंवा पिले असतील, तर ती उडून जाईपर्यंत थांबावे. भिंतीच्या फटी वेळेवर बुजवाव्यात, म्हणजे त्यांत पिंपळ रुजणार नाही आणि पुढे तो उपटण्याची वेळ येणार नाही.

कामाचा पंचांगक्रम

चुकीच्या वेळी केलेल्या दुरुस्तीत पैसा वाया जातो. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या तोंडावर रंगकाम काढण्याची प्रथा आहे. लक्ष्मीपूजनाला आणि वहीपूजनाला घर उजळ दिसावे, ही भावना योग्यच आहे. परंतु त्या वेळी बाहेरच्या भिंतींत चार महिन्यांचे पाणी मुरलेले असते. ओल्या भिंतीवर दिलेला रंग पुढच्या पावसापर्यंत फुगतो आणि त्याचे पोपडे निघतात. दिवाळीला आतील स्वच्छता आणि किरकोळ रंगकाम पुरेसे आहे. बाहेरचा रंग थंडी सरताना, माघ-फाल्गुनात द्यावा.

भाद्रपद-आश्विनात, ओल डोळ्यांना दिसत असतानाच, घरभर फिरून प्रत्येक डागाभोवती पेन्सिलीने रेघ ओढावी आणि तारीख घालावी. पुढच्या वर्षी डाग रेषेबाहेर गेला, तर दुखणे वाढते आहे हे कळते. कोरड्या दिवसांत हे डाग नाहीसे होतात आणि ते पाहिल्याचेही आपण विसरतो. चैत्र-वैशाखात गच्चीच्या भेगा, कोबा आणि वॉटरप्रूफिंग यांची कामे काढावीत. ज्येष्ठात पन्हाळी, जाळ्या आणि गटारे साफ करावीत. चातुर्मासात खोदकाम, तोडफोड शक्यतो करू नये. धर्मदृष्टीने आणि बांधकामाच्या दृष्टीनेही हा नियम योग्य आहे.

सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीत एक खूण विशेष जपावी. छताला किंवा खांबाला सळईच्या रेषेत तडा दिसला, तर त्यावर नुसती पुट्टी लावून रंग देऊ नये. आत पाणी पोहोचून सळई गंजू लागलेली असते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा घेते आणि वरचे काँक्रीट आतून ढकलते. तडा रुंदावतो, आणखी पाणी शिरते, गंज आणखी वाढतो. लाकडी काठीने ठोकून पाहिले असता पोकळ आवाज आला, तर जाणकार अभियंत्याला दाखवावे. संरचनात्मक परीक्षणाबाबत आदर्श उपविधींचा नियम असा आहे : इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, आणि ३० वर्षांहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा. ३० वर्षांहून जुन्या इमारतींचे परीक्षण महानगरपालिका अधिनियमानेही बंधनकारक केले आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत नाशकात उभ्या राहिलेल्या पुष्कळ इमारती आता त्या वयाला आल्या आहेत.

करार आणि नोंद

मालाची खरेदी करताना दहा ठिकाणी भाव विचारणारा व्यापारी घराचे काम मात्र ओळखीच्या मिस्त्रीला तोंडी सांगून मोकळा होतो. मग वाद होतो, काम अर्धे राहते. कामाचे माप, साहित्याचा दर्जा, दर आणि मुदत लिहून घ्यावी. पैसे कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. गळतीच्या कामात रकमेचा दहावा हिस्सा पुढचा पावसाळा उलटेपर्यंत राखून ठेवावा आणि तसे आधीच ठरवावे. कारागिराची मजुरी मात्र काम होताच, त्याच दिवशी चुकती करावी. राखून ठेवायची रक्कम ठेकेदाराची असते, रोजंदारीवरच्या माणसाची नसते.

प्रत्येक घराची एक वही असावी. तिच्या पहिल्या पानावर इमारतीचा नकाशा, नळ आणि विजेच्या तारा कोठून गेल्या आहेत त्याचे रेखाटन, आणि मुख्य व्हॉल्व्ह व मुख्य बटणाची जागा. पुढे तारीखवार दुरुस्त्या, खर्च, कारागिराचे नाव आणि वापरलेले साहित्य. तीस वर्षांपूर्वी कोठे नळ टाकला होता हे ठाऊक असलेला माणूस गेल्यावर मुलांना भिंती फोडून तो शोधावा लागतो. एका ओळीची नोंद हा सगळा त्रास वाचवते.

सामाईक घरात ही वही अधिकच मोलाची ठरते. भावाभावांतील पुष्कळ कटुता वाटणीवरून सुरू होते असे वाटते. प्रत्यक्षात तिची सुरुवात 'मागच्या वेळी गच्ची मीच करून घेतली होती' यासारख्या वाक्यात असते. किती खर्च झाला आणि कोणी दिला, हे लिहिलेले असेल तर त्या वाक्याला उत्तर मिळते. सामाईक निधीचे खाते दोघांच्या सहीने चालावे, वर्षातून एकदा सर्व भावंडांसमोर त्याचा हिशेब वाचला जावा आणि बाहेरगावी राहणाऱ्यांनाही त्याची प्रत जावी. उषवदाताने आपली ठेव निगमसभेत जाहीर केली, ती याच कारणासाठी. चारचौघांसमोर नोंदलेला पैसा सहसा आडवाटेला जात नाही.

जैन समाजाला देखभालीचे माहात्म्य अपरिचित नाही. श्वेतांबर परंपरेत नवे मंदिर बांधण्याहून जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट मानले जाते. मंदिराच्या शिखरात भेग दिसली तर संघ एकत्र बसतो, निधी उभा राहतो, काम पूर्ण होते. ज्या घरात सामायिक-प्रतिक्रमण होते, ज्याच्या दारी गोचरीसाठी महाराजसाहेब येतात, ज्याच्या छपराखाली वृद्ध आई-वडील निजतात, त्या घराच्या भेगेकडे मात्र 'बघू पुढच्या वर्षी' म्हणून पाहिले जाते. जुन्या नाशकातील पडलेल्या वाड्यांतील रहिवाशांनीही हेच वाक्य कधीतरी उच्चारलेले होते.

येत्या दिवाळीला वहीपूजनाच्या वेळी नव्या वह्यांच्या चवडीत एक लहान वही घराच्या नावाने ठेवावी. तिच्या पहिल्या ओळीत घराचा बांधकाम खर्च लिहावा, दुसऱ्या ओळीत त्याचा एक टक्का. तिसरी ओळ पहिल्या जमेची असावी.